जळकी नजर

माझ्या धाकट्या बहिणीचं काहीतरी बिनसत चाललंय हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. त्याचं श्रेय कृपा करून प्रेमाला देऊ नका. प्रेम आमच्या घरात रग्गड होतं आणि ते सगळंच्या सगळं आंधळं निघालं. मला कळलं, कारण मला तिचं बघवत नव्हतं. आणि ज्याचं बघवत नाही त्याच्याकडे माणूस सारखा बघत असतो.

आमचं गाव कराडच्या जवळ. चारी बाजूंना ऊस. थोडा ऊस आमचाही आहे, पण पंचक्रोशीत आमचं घर ओळखतात ते पत्रकांचं घर म्हणून. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहितात. ऊसदराचं पत्रक, वीजबिलाचं पत्रक, काटामारीचं पत्रक. काटामारी म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याच्या उसाचं वजन कमी दाखवणं. मी वाचायला शिकले ती ‘जाहीर सभा’ ह्या शब्दांवर. आम्ही दोघी बहिणी गुलाबी कागदांच्या गठ्ठ्यांना टेकून मोठ्या झालो. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. मागं ‘जाब विचारा’ छापलेलं असायचं, त्यामुळे आमची गणितं चुकायची तीही तावातावानं.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोनेक वर्षांपूर्वीपर्यंत ह्या घराचा आवाज मी होते. आप्पांच्या पत्रकाचा पहिला परिच्छेद मी लिहायची, कोपरासभेत आप्पांच्या आधी मी बोलायची. ती कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायची आणि रविवारी पत्रकांच्या घड्या घालायची. एवढीच तिची चळवळ.

मग एका रविवारी माझा घसा बसला म्हणून ती बोलायला उभी राहिली.

काय बोलली, ते आजही मला तोंडपाठ आहे. त्याचाच राग येतो. कुठलाही आकडा नाही, घोषणा नाही. म्हणाली, ‘‘आमची आई दूध मोजताना माप उलटं करून शेवटचा थेंब झटकती. कारखान्याच्या काट्याला आई न्हाई.’’ संपलं. बाया डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि संध्याकाळपर्यंत वाळव्यापासून कोरेगावापर्यंत फिरलं. आप्पांनी ते फोनमध्ये जपून ठेवलं. माझी भाषणं त्यांनी कधी ठेवली नव्हती. फोनात जागा नाही म्हणायचे.

तेव्हापासून पहिला परिच्छेद तिचा झाला. मला कुणी काढलं नाही. आप्पा फक्त कागद तिच्या हातात द्यायला लागले, आणि मला म्हणायचे, ‘‘तू शुद्धलेखन बघ गं.’’

मी शुद्धलेखन बघायला लागले. म्हणजे चुका शोधायला लागले. तिच्या प्रत्येक वाक्याला मी पोलिसासारखी सामोरी जायची. तिचं भाषण असलं की मी मागच्या रांगेत उभी राहायची आणि कुठे घसरते ते बघायची. इतकं लक्ष देऊन माझ्या बहिणीला जगात दुसरं कुणी ऐकलं नसेल.

पावसाळा सरता सरता मला चुका सापडायला लागल्या, आणि त्या मला हव्या होत्या तसल्या नव्हत्या.

आधी ती काट्याबद्दल बोलता बोलता काट्याशेजारच्या झाडाबद्दल बोलायची आणि परत यायची. आता झाडाकडून पुढे कुठेतरी जायची. ‘‘काटा आपल्याला तोलतो,’’ म्हणाली एकदा. लोकांना वाटलं, वा. मलाही आधी तसंच वाटलं, आणि तेच झोंबलं. पण पुढचं वाक्य होतं, ‘‘मी काट्यासमोरनं गेले तवा त्येनं मलापन तोललं, वाऱ्यावरनं.’’ लोक तिथेही वा म्हणाले.

घरात तर वेगळीच गंमत चालली होती. ती झोपेनाशी झाली. आप्पा म्हणाले, कामाची ओढ आहे. कॉलेजला जाईनाशी झाली. आप्पा म्हणाले, खरं शिक्षण रस्त्यावर असतं. एकच सलवार-कमीज आठवडाभर घालायला लागली, केस विंचरेनाशी झाली, साधी राहणी. मैत्रिणींचे फोन उचलेना. पोरीला चिल्लर गप्पांत रस उरला नाही. फोन आपलं बोलणं ऐकतो म्हणून तिनं फोन पिठाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, तर आप्पा मला म्हणाले, ‘‘बघ, तुला कवा सुचलं का ह्ये?’’

सरळ सांगायचं तर आमच्या घरात प्रत्येक लक्षणाला एक थोर नाव तयार होतं. दुसऱ्या कुठल्या घरात तरणी पोर म्हणाली असती की माझ्या पाळतीवर माणसं आहेत, तर आईबाप घाबरले असते. आमच्याकडे संशय म्हणजे शहाणपण. आप्पांच्या पाळतीवर खरोखरच माणसं असायची. आंदोलनाच्या आधी साध्या कपड्यातला पोलीस आमच्या दारात येऊन चहा पिऊन जायचा. त्या घरात ती म्हणाली, ‘‘आप्पा, मोटरसायकलवाला आपल्या गल्लीतनं मुद्दाम चकरा मारतोय,’’ तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर असा अभिमान आला की मला तिथेच उठून जावंसं वाटलं. तो मोटरसायकलवाला पावाची गाडी फिरवतो. पाव विकायला चकरा मारतो, आणि मुद्दामच मारतो.

मला खात्री पटली ती मलकापूरच्या कोपरासभेत. ती बोलत होती. पुढच्या रांगेतले एक म्हातारे खोकले. ती थांबली. थांबली ती थांबलीच. सगळा चौक गप्प झाला. मग टाळ्या पडल्या. काय जबरदस्त थांबली, असं माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. मी स्वतः आरशासमोर उभी राहून थांबण्याची तालीम केलेली बाई आहे. कुठे थांबायचं, किती थांबायचं, थांबताना कुणाकडे बघायचं, सगळं मी घोटलंय. थांबलेला वक्ता समोर बघत असतो. ही त्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्यांनी काहीतरी सांगितल्यासारखी. तिला पुढचं वाक्य सुचत नव्हतं असंही नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती.

बहीण बायकांबरोबर पुढे गेली होती. गाडीवरून घरी येताना आप्पा मला म्हणाले, ‘‘कुठं थांबावं ह्ये शिकवून येत न्हाई बघ.’’

मी म्हणाले, ‘‘आप्पा, ती थांबली न्हवती. तिला काहीतरी हुतंय. डॉक्टरला दाखवूया.’’

‘‘कसला डॉक्टर?’’

‘‘मनाचा.’’

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढून हातात धरलं. ‘‘तुला तिचं बघवत न्हाई,’’ ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, हेच वाईट.

‘‘न्हाईच बघवत. म्हणूनच दिसतंय.’’

‘‘आगं, बोलणाऱ्या बाईला येडी ठरवायचं हा लय जुना डाव हाय. मोठ्या लोकांनी त्यो कायम खेळलाय. आता माझ्याच घरात खेळायचा का?’’

ते खरं होतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं. आपल्याला नको ते बोलणाऱ्याला वेडा म्हणायचं, हा प्रकार ह्या देशात सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांनी केलाय. बाईच्या बाबतीत तर दोनदा विचारही करत नाहीत. मी दोन दिवस ह्याच विचारात होते. मग मला उत्तर मिळालं, पण तोवर आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले होते. उत्तर असं: काटा खोटा असू शकतो आणि पोरगी आजारीही असू शकते. एकानं दुसरं खोडलं जात नाही. आमच्या पत्रकांनी मला सरकारचे डाव ओळखायला शिकवलं. शेजारच्या अंथरुणावरचं माणूस आठवडाभर झोपलेलं नाही, ह्यावर एक ओळ कधी छापली नाही.

आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘‘तुमी दोघी माझ्याच. एकीनं दुसरीला असं म्हनू नये.’’ म्हणजे मी जळून बोलतेय असं तिलाही वाटत होतं.

राहिले नाना. नाना आमचे चुलते, आप्पांच्या पाठचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त. आप्पा त्यांना गमतीनं सरकारी माणूस म्हणतात. नानांना पत्रकांत काडीचा रस नाही. मी त्यांना गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं, खोकल्यासकट. त्यांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

‘‘झोपती का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘जेवती?’’

‘‘आपलं ताट दुसऱ्याच्या ताटासंगं बदलून घेती.’’

‘‘आमच्यात परत्येकाला एक बडी आसतो,’’ नाना म्हणाले. ‘‘जोडीदार गं. वर बर्फात पोस्टवर माणूस बिघडाय लागला की पयलं बडीला कळतं. सायबाला कळंपतुर उशीर झालेला आसतोय. माझा एक बडी असाच… जाऊ दे. तुझं आन तिचं जमत न्हाई ना?’’

‘‘न्हाई.’’

‘‘बडीचं बडीशी कधीच जमत न्हाई. येकाच तंबूत ऱ्हायचं म्हंजे काय.’’ मग म्हणाले, ‘‘पर तिला वढत नेऊ नगंस. ती हून म्हनली पायजे.’’

ती आपणहून कशी म्हणेल, हे त्यांनी सांगितलं नाही.

तिला प्रीतिसंगमावर घेऊन गेले. कृष्णा-कोयनेच्या संगमावरची ती बाग कराडकरांची सगळ्या प्रसंगांची जागा आहे. लग्न ठरवायला तिथे, मोडायला तिथे. दुपारची वेळ, बाकावर दोघी. मी मनाशी भाषण तयार केलं होतं. पण तिनंच सुरुवात केली.

‘‘अक्का, तू माझ्यावर जळतीस.’’

मी बाकाचा रंग नखानं खरवडायला लागले.

‘‘सांग की. जळतीस का न्हाई?’’

‘‘लय जळते.’’

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिचं ते हसणं मी बघितलं. म्हणाली, ‘‘बरं वाटलं. बाकी सगळ्यांच्या मनात काय हाय ते मला कळंना झालंय. आप्पा हसले की वाटतं, का हसले? आई ताट वाढती, वाटतं आत काय हाय? रस्त्यावर कोण खोकलं तर वाटतं मला इशारा हाय. तुझं तेवढं म्हाईत हाय. तू जळतीस. तुझ्यात दुसरं काय न्हाई.’’

एवढा अपमान आणि एवढा विश्वास एकाच वाक्यात मला कधी कुणी दिला नव्हता.

‘‘मग तू सांग,’’ ती म्हणाली. ‘‘मलकापूरला त्ये आजोबा खोकले, ते नुस्तं खोकले का?’’

‘‘नुस्तं खोकले. बिडी वडत्यात ते. सगळ्या सभेत खोकत्यात. माझ्या भाषणातबी खोकायचे, मला राग यायचा.’’

ती पाण्याकडे बघत राहिली. ‘‘मलापन तसंच वाटतं. म्हंजे आत्ता वाटतं. घरी गेल्यावर परत दुसरं वाटंल. मला भ्या वाटतं अक्का. तू आनि कुनाला सांगू नको.’’

मी म्हणाले, ‘‘नानांना सांगितलंय. सांगलीच्या डॉक्टरकडं जाऊया.’’

तिनं माझ्याकडे असं बघितलं की आता ही मलाही पाळतीवरच्या लोकांत ढकलणार, असं वाटलं. मग म्हणाली, ‘‘तू येणार असलीस तर. आप्पा नकोत. आप्पांनी तिथंबी टाळ्या वाजवल्या तर?’’

नानांनी गाडी काढली. आप्पांना त्यांनी दारातच सांगितलं, ‘‘दादा, पोरीला सांगलीला नेतोय. ड्यूटीवर हाय मी, आडवं येऊ नका.’’ आप्पा आडवे आले नाहीत. बाकड्यावर बसून राहिले. मागच्या काचेतून मी बघितलं, ते नुसते बसले होते.

डॉक्टर बाई होत्या, आईच्या वयाच्या. त्यांनी माझ्या बहिणीला जितका वेळ दिला तितका वेळ मला आयुष्यात कुणी दिलेला नाही, हे मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मनात नोंदवलं. मी माणूस आहे. त्या तिला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहायच्या. मोटरसायकलवाल्याबद्दल ऐकल्यावर त्या हसल्याही नाहीत आणि घाबरल्याही नाहीत.

‘‘तो पाळतीवर आहे अशी तुझी खात्री आहे, की तसं वाटतं?’’

बहिणीनं आधी माझ्याकडे बघितलं. ‘‘वाटतं. मग वाटतं, नसंल. मग परत वाटतं.’’

‘‘आणि हे तू स्वतःहून तपासायला आलीस.’’

‘‘अक्कानं आणलं.’’

‘‘पण आलीस.’’

मग त्यांनी आम्हा दोघींना समजावलं. ह्याला आज आजाराचं मोठं नाव लावायचं नाही. हा उंबरठा आहे. झोप उडणं, माणसं तुटणं, अभ्यास सुटणं, साध्या गोष्टींत आपल्यासाठी इशारा आहे असं वाटू लागणं, अशा अवस्थेतली काही मुलं पुढे खरोखर आजारी पडतात, तेव्हा त्यांच्या मनात ‘नसेल’ ही शंका राहत नाही, खात्रीच होते. पुष्कळशी पडत नाहीत. कोण पडेल ते आज कुणीच सांगू शकत नाही, त्यासुद्धा. म्हणून लक्ष ठेवायचं. लगेच जड गोळ्या नाहीत. झोपेची घडी बसवायची, दर आठवड्याला येऊन बोलायचं, वाटलेली गोष्ट तपासून बघायला शिकायचं, कॉलेज हळूहळू धरायचं. जितक्या लवकर आलात तितकं हातात जास्त.

‘‘घरात कुणाला आधी फरक कळेल?’’ त्यांनी विचारलं. ‘‘पुढे काही बदललं, तर मला कळवणारं एक माणूस हवं. तिनं निवडलेलं.’’

मला वाटलं, ती आई म्हणेल.

‘‘ही,’’ बहीण म्हणाली. ‘‘हिला माझं काहीच आवडत न्हाई.’’

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘‘खरंय का?’’

मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, एसटीचे आहेत. कराड ते सांगली, सांगली ते कराड. ती खिडकीशी बसायची, मी तिच्या शेजारी. घरात तिच्यासाठी वेगळं दूध, तिच्यासाठी लवकर दिवे बंद, तिच्याशी हळू आवाजात बोलणं. जत्रेच्या वेळी मी तापानं फणफणले होते, तर आई म्हणाली, ‘‘तू घट्ट हायस.’’ घट्ट असण्याचं बक्षीस म्हणून मला गार झालेली पेज मिळाली. मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आप्पा दुसऱ्या महिन्यात सांगलीला आले. डॉक्टरबाईंशी त्यांचं तासभर भांडण झालं, मी बाहेर बसून ऐकलं. चळवळीतल्या माणसाला गप्प करायची ही रीत आहे, वगैरे. बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘ती गप्प झाली तर तुमचं नुकसान आहे. ती आजारी पडली तर कुणाचं आहे?’’ परतीच्या वाटेवर इस्लामपूर आल्यावर आप्पा मला म्हणाले, ‘‘तुला आधी दिसलं.’’ मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. माफी ही गोष्ट आमच्या पत्रकांत फक्त सरकारनं मागायची असते.

मला राग येतो तो कशाचा सांगू का? गावोगावी आम्ही माणसं जागी करत फिरलो, आणि आमच्या टाळ्यांत एक पोरगी बुडत होती. लोक तिच्या भीतीला वक्तृत्व समजले. तिच्या जागरणाला निष्ठा समजले. शेजारच्या घरात असं झालं असतं तर आप्पांनी आधी पत्रक काढलं असतं, लोकहो जागे व्हा. असल्या घरांत एखादं तरी खडूस, जळकं माणूस असावं, असं आता माझं ठाम मत झालंय. कौतुक करणाऱ्यांना काही दिसत नाही.

वर्ष वाया गेलं तिचं. नंतर कॉलेज पुन्हा सुरू झालं. खोकल्यात इशारे ऐकू येणं कमी झालं. अगदी गेलं नाही. कधी कधी जेवताना ती माझ्याकडे बघते, मी मान हलवते, म्हणजे काही नाही, जेव. अजून दीड-दोन वर्षं लक्ष ठेवायला सांगितलंय. उंबरठ्यावरून ती मागे आली का, हे मला अजून माहीत नाही. कुणालाच नाही.

गेल्या महिन्यात तिनं पुन्हा सभेत बोलायचं म्हटलं. आई नको म्हणाली. आप्पांनी कागद पुढे केला, पण मधेच त्यांचा हात थांबला, तो मी बघितला. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, झोप नीट असेल तर हरकत नाही, छोटी सभा घ्या, आणि आधी अक्काला ऐकू द्या.

मग तिनं मला स्वयंपाकघरात उभं राहून भाषण म्हणून दाखवलं. मी ओट्याला टेकून ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. वाक्य कुठे सुटतंय, कुठे भलतीकडे जातंय, कुठे ती नसलेल्या माणसाकडे बघते, सगळं शोधलं. माझ्या अंगात जेवढी जळजळ होती तेवढी कामाला लावली.

काट्यापासून सुरू केलं, काट्यापाशी आली. मधे एका ऊसतोड बाईची गोष्ट होती, तिच्या पाळण्याची. ती अशी सांगितली की ती माझ्या भाषणात असायला हवी होती, असं वाटलं. शेवटाकडे एक वाक्य विनाकारण लांबलं होतं, दोन उपमा एकीवर एक चढवलेल्या. नुसता हौसेचा दोष. माझ्या भाषणात दर रविवारी सापडेल असा.

‘‘काय?’’ ती म्हणाली. तिच्या हाताला घाम आला होता, तो तिनं ओढणीला पुसला. ‘‘सांग की. काय सापडलं?’’

‘‘शेवटचं वाक्य फालतू हाय. येक उपमा काढ.’’

‘‘आन दुसरं?’’

‘‘दुसरं काय न्हाई.’’

‘‘नीट ऐकलंस?’’

‘‘नीट ऐकलं. काय न्हाई.’’

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी तिला बरं वाटावं म्हणून बोलतेय की काय ते तपासत. मग तिला माझ्या तोंडावरची जळजळ दिसली असावी, कारण तिचे खांदे खाली आले.

‘‘उपमा मी काढणार न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘मला आवडल्यात दोनी.’’

‘‘मग मर जा,’’ मी म्हणाले, आणि आम्ही त्या वाक्यावरून भांडायला लागलो. आई दारात येऊन उभी राहिली, ऐकलं, आणि आम्हाला न अडवता परत गेली.